पॉलिमर मोनोलिथ कॅपिलरी कॉलम, सांगलीच्या हळदीवर दीड वर्ष वापरून

पार्सल उघडलं तेव्हा आमच्या लॅबचे मामा डब्यात वाकून बघत म्हणाले, "मॅडम, कॉलम कुठाय? ह्यात तर नुसता दोरा आलाय." खरंच शिवणाच्या दोऱ्याएवढाच असतो हा, बाहेरून ३७५ मायक्रॉन, आतलं भोक १०० मायक्रॉन, वरून पॉलिइमाइडचा तांबूस लेप, आणि त्या भोकात टोकापासून २५ सेंटीमीटरपर्यंत पांढरट सच्छिद्र पॉलिमर जमवलेलं, पुढं साडेआठ सेंटीमीटर रिकामी कॅपिलरी, मध्ये लेप जाळून केलेली डिटेक्टरची बारीक खिडकी. एवढ्याशा गोष्टीला जे पैसे मोजले त्यात एचपीएलसीचा (पंपानं द्रव कॉलममधून ढकलून पदार्थ वेगळे करणाऱ्या नेहमीच्या मशीनचा) चांगला सी-१८ कॉलम आला असता म्हणून आधी आमच्या डिपार्टमेंटमध्ये बरीच चर्चा झाली होती. मी सांगलीतल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचं, म्हणजे बारीक नळीत विजेनं पदार्थ वेगळे करायचं, मशीन आमच्याकडे एका जुन्या प्रोजेक्टातून आलेलं आहे, त्याच मशीनवर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे कॉलममधून नेऊन मिश्रणातले पदार्थ वेगळे करणं, जमतं हे माहीत होतं पण कॉलमशिवाय अडलं होतं. दीड वर्षात असे तीन कॉलम विकत घेतले आणि पुढं काही स्वतः केले, त्याचा हा अनुभव. आपल्याकडच्या लॅबमध्ये, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात, आपल्या पावसाळ्यात आणि आपल्या लाइटीवर हे कसं चालतं ते लिहिलेलं मला कुठं सापडलं नव्हतं.

ज्यांनी हे वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एचपीएलसीत पंप द्रव ढकलतो. इथं पंप नाही, दोन्ही टोकं दोन छोट्या बाटल्यांत बुडवायची आणि २०-२५ किलोव्होल्ट लावायचे, की द्रव आपोआप चालायला लागतो. आतल्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, त्याला चिकटून द्रवात धन आयनांचा पातळ थर तयार होतो, विजेमुळं तो थर कॅथोडकडं सरकतो आणि सगळ्या द्रवाला बरोबर ओढून नेतो. फरक काय पडतो तर कृष्णेच्या पाण्याकडं बघा, मधोमध ओढ जास्त आणि काठाला संथ, पंपानं ढकललेला द्रव नळीत तसाच जातो म्हणून नमुन्याची पट्टी लांब पसरते. विजेनं ओढलेला द्रव काठापासूनच ओढला जातो त्यामुळं सगळी आडवी रांग एका वेगानं पुढं सरकते, पट्टी अरुंद राहते, पीक (स्क्रीनवर प्रत्येक पदार्थाचा येणारा उंचवटा) टोकदार येतात. ही कल्पना जुनी आहे, १९७४ मध्ये प्रिटोरियस आणि सहकाऱ्यांनी मांडली, १९८१ मध्ये जॉर्गेन्सन आणि लुकाक्स यांनी बारीक कणांनी भरलेल्या कॅपिलरीवर करून दाखवली.

अडचण होती ती कण भरण्याची. सिलिकाचे तीन मायक्रॉनचे कण १०० मायक्रॉनच्या नळीत दाबून भरायचे, आणि ते बाहेर येऊ नयेत म्हणून दोन्ही टोकांना कण तापवून चिकटवून बूच करायचं, त्याला फ्रिट म्हणतात. त्या फ्रिटपाशी बुडबुडे धरतात, तिथंच कॅपिलरी ठिसूळ होऊन मोडते, आणि एक बुडबुडा आला की करंट शून्य. आमच्याकडे त्या जुन्या प्रोजेक्टातला असा एक भरलेला कॉलम होता, मी त्याच्यावर एक अख्खी दिवाळीची सुट्टी घालवलीय आणि हातात एकही धड रन आला नाही.

मोनोलिथमध्ये हा प्रश्नच मुळात काढून टाकलाय. मी विद्यार्थ्यांना सांगते, भडंग नळीत भरलं तर दोन्हीकडं फडकं बांधावं लागतं, पण त्याच चिरमुऱ्यांचा गुळात लाडू वळला तर फडकं कशाला? चिरमुरे एकमेकांना चिकटलेत, मधल्या फटींतून हवा आरपार जाते, आणि सुटून तर कुणीच येत नाही. इथंही तसंच, मोनोमर आणि सॉल्व्हंटचं मिश्रण द्रव असताना नळीत भरायचं आणि नळीतच गरम करून घट्ट करायचं, पॉलिमरचे बारीक गोळे एकमेकांना चिकटून जाळी होते आणि मधल्या वाटा सॉल्व्हंटनं राखून ठेवलेल्या असतात. १९८९ मध्ये स्वीडनच्या येर्टेन यांच्या गटानं असा सलग पॉलिमर वापरला, १९९२ मध्ये कॉर्नेलला स्वेक आणि फ्रेशे यांनी स्टीलच्या नळीत कडक मोनोलिथ केला, आणि १९९७-९८ मध्ये पीटर्स, स्वेक, फ्रेशे यांनी तोच कॅपिलरीत आणून विजेवर चालवला. आम्ही घेतलेला कॉलम जवळपास त्याच घराण्यातला, ब्युटाइल मेथाक्रिलेटचा, आणि त्यात थोडासा एएमपीएस नावाचा सल्फोनिक आम्लाचा मोनोमर घातलेला. ब्युटाइल गट पदार्थांना धरून ठेवतो आणि सल्फोनिक गट द्रव ओढतो. एका लाडवात दोन कामं.

आता हळद. हा कॉलम आम्हाला हवा होता तो हळदीसाठीच, सांगलीत राहून दुसरं काय तपासणार. २०१८ ला आपल्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हापासून मुलं प्रोजेक्टला घरची हळद घेऊन येतात, सेलम, राजापुरी अशा जातींची, कुणी हरिपूरकडच्या जुन्या पेवांची (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांची) गोष्ट सांगतं, कुणी मार्केट यार्डातल्या सौद्यातला नमुना कागदात बांधून आणतं. हळदीचा पिवळा रंग एकाच पदार्थाचा नसतो, कर्क्युमिन, डिमिथॉक्सीकर्क्युमिन आणि बिसडिमिथॉक्सीकर्क्युमिन असे तीन भाऊ असतात, साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४२५ नॅनोमीटरला वाचलं तर तिघांची बेरीज मिळते. तिघं वेगळे हवे असतील तर कॉलम लागतो.

आणि इथंच या कॉलमनं आमचं मन जिंकलं. कर्क्युमिनला अल्कली चालत नाही, पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशाला अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के मोडून जातो असं छापून आलेलं आहे. अ‍ॅसिटोनायट्राइल घातल्यावर तो जरा जास्त टिकतो हे खरं, पण मापायचा पदार्थच बाटलीत मोडतोय म्हटल्यावर आकड्यावर विश्वास कसा ठेवणार? म्हणून पीएच ३ च्या आसपास काम करायचं. पण पीएच ३ ला साध्या सिलिकाच्या भिंतीवरचा ऋण भार जवळजवळ जातो, सिलॅनॉल गट हायड्रोजन धरून बसतात आणि मग द्रव ओढायला कुणी उरतच नाही. कण भरलेल्या कॉलमवर आमचं हेच झालं होतं, पीएच उतरवला की रन संपता संपेना. सल्फोनिक गटाचं तसं नाही, तो आम्लातही आपला ऋण भार सोडत नाही, म्हणून मोनोलिथ पीएच ३ लाही त्याच जोमानं चालतो. पहिल्या रनला आम्ही साठ टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल आणि बाकी ५ मिलिमोलर फॉस्फेट असं धरलं, थायोयुरिया (कॉलमला न चिकटता द्रवाबरोबर जाणारा पदार्थ) प्रवाह मोजायला, २५ किलोव्होल्ट. स्क्रीनवर आधी थायोयुरियाचा पीक आला (तो यूव्हीला बघावा लागतो, ४२५ ला दिसत नाही), मग बेसलाइन सरळ, मग बिसडिमिथॉक्सी, डिमिथॉक्सी, आणि शेवटी कर्क्युमिन, तिघांच्या मध्ये बेसलाइन पार खाली टेकलेली. एम.एस्सी.च्या ज्या मुलीनं स्वतःच्या शेतातली हळद आणली होती ती स्क्रीनसमोरून उठायलाच तयार नव्हती, तिनं घरी फोन लावून वडिलांना सांगितलं, "अण्णा, आपल्या हळदीत तीन पिवळे आहेत, तिन्ही वेगळे दिसले." मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

सॉल्व्हंटचा खर्च तर विचारूच नका. १०० मायक्रॉनच्या नळीत सेकंदाला एक मिलिमीटर वेग धरला आणि पॉलिमरनं अडवलेली जागा वजा केली तर मिनिटाला साधारण ०.३ मायक्रोलिटर द्रव जातो, म्हणजे दिवसभर मशीन चालवलं तरी कॉलममधून एक एमएलही जात नाही, बाटल्या बदलायला काही एमएल लागतात तेवढेच. एचपीएलसी मिनिटाला एक एमएल पिते. अ‍ॅसिटोनायट्राइलची बाटली आणायला दरवेळी खरेदीची फाइल फिरवणाऱ्या कॉलेजातल्या माणसाला हे काय आहे ते कळेल. आणि वेस्टही तेवढंच कमी, सिंकमध्ये ओतायचा मोह नाही.

पण सगळं गोड नाही, आणि तेही नीट सांगायला पाहिजे.

दुसरा कॉलम मे महिन्यात मागवला. पहिला आला होता तेव्हा दोन्ही टोकांना रबराचे तुकडे टोचलेले होते आणि आत द्रव होता. हा आला तेव्हा एका टोकाचं रबर निघालेलं, कुरियरच्या गाडीत किती दिवस तापला कोण जाणे, आत पूर्ण सुका. सुका म्हणून लगेच फेकायचा नसतो, मोनोलिथची एक चांगली गोष्ट अशी की मधल्या वाटा मोठ्या असल्यानं सिरिंज पंपानं हळूहळू द्रव ढकलून तो परत ओला करता येतो, कण भरलेल्या कॉलमला हे हातानं जमत नाही. आम्ही तसं केलं, रात्रभर. सकाळी व्होल्टेज लावलं, करंट चढला, पाच मिनिटांत खाली, परत चढला, परत खाली. मामा म्हणाले, "मॅडम, करंट बसंना की हो." पीक आले पण प्रत्येकाच्या पुढं एक खांदा, जसं काही अर्धा नमुना आडवाटेनं आधीच पोचलाय.

मग टोकाचा दोन मिलिमीटर तुकडा कापून उभा करून मायक्रोस्कोपखाली धरला. मधला पांढरा भाग छान जाळीदार, पण एका बाजूला भिंत आणि पॉलिमर यांच्यामध्ये चंद्रकोरीसारखी काळी फट. तीच ती आडवाट. मोनोलिथ वाळला की आकसतो, आणि भिंतीला रासायनिक टाक्यांनी शिवलेला नसेल तर सुटून येतो. शिवणं म्हणजे काय, तर कॅपिलरी आधी सोडियम हायड्रॉक्साइडनं आणि आम्लानं धुवून तिच्या भिंतीवर मेथाक्रिलेट गट असलेला सिलेन बसवायचा, म्हणजे पॉलिमर तयार होताना भिंतीलाही पकडतो. या कॉलममध्ये ते एका बाजूला नीट झालेलं नव्हतं असं माझं स्पष्ट मत आहे कारण पहिला कॉलम आमच्याकडूनच एकदा चुकून वाळला होता आणि ओला केल्यावर परत पूर्वीसारखा चालला.

डीलरला फोटो पाठवले. उत्तर आलं, तुमच्याकडूनच वाळला असेल. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का विचारलं, तो नव्हता. दोन महिने मेलामेली झाल्यावर तिसरा कॉलम अर्ध्या किमतीत दिला, तो चांगला निघाला, पण त्या दोन महिन्यांत एका मुलीच्या प्रोजेक्टचं सबमिशन येऊन ठेपलं आणि तिला अर्धा डेटा एचपीएलसीवर काढावा लागला, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. महागाची वस्तू विकताना ती कशी पाठवायची हे विकणाऱ्याला कळायला पाहिजे. तुम्ही घेणार असाल तर ऑर्डरमध्येच लिहून घ्या की दोन्ही टोकं द्रवात बुडवून बंद करून पाठवायची, भिंतीला सिलेन बसवलाय का ते लेखी मागा, उन्हाळ्यात मागवूच नका, आणि पार्सल उघडताना मोबाइल चालू ठेवा.

आपल्या हवेचं. एप्रिल-मे मध्ये लॅबचा एसी बंद पडला तर पीक लवकर यायला लागतात, दर अंशाला द्रवाची घट्टाई साधारण दोन टक्क्यांनी उतरते आणि तेवढा प्रवाह वाढतो, त्यामुळं सकाळचा आणि दुपारचा रन एकमेकांवर बसत नाही. कॅसेटचं (कॅपिलरी बसवतात त्या डबीचं) थंड करणं मशीनमध्ये असतं ते चालू ठेवायचं आणि दर दोन-तीन रननंतर स्टँडर्ड, म्हणजे माहीत असलेला नमुना, टोचायचं. जुलै-ऑगस्टला वेगळाच त्रास, हवेतल्या दमटपणामुळं टोकापाशी वीज बाहेर गळते, टिक टिक आवाज येतो आणि मशीन स्वतःच बंद होतं. आम्ही इलेक्ट्रोड रोज इथेनॉलनं पुसून कोरडे करतो, आतल्या कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, पावसाची झड असली तर २५ ऐवजी १८ किलोव्होल्टवर भागवतो. आणि लाइट. रन चालू असताना लाइट गेली की द्रव जागेवर थांबतो आणि नमुना आतल्या आत पसरत बसतो, तो रन गेलाच. यूपीएसशिवाय या फंदात पडू नये.

बुडबुड्यांचं भूत फ्रिट गेल्यामुळं बरंच उतरलं पण पूर्ण गेलेलं नाही. बफर ०.२ मायक्रॉनमधून गाळायचा, सोनिकेटरमध्ये चांगला वेळ ठेवून हवा काढायची, मीठ कमीत कमी, ५ मिलिमोलरच्या वर गेलं की करंट वाढून आत उष्णता होते. दोन्ही बाटल्यांवर नायट्रोजनचं सारखं प्रेशर देता आलं तर फारच उत्तम. व्होल्टेज एकदम चढवायचं नाही, पाच, दहा, पंधरा असं दर काही मिनिटांनी. आणि स्क्रीनवर पीकपेक्षा आधी करंटची रेघ बघायला शिकायचं, ती सरळ तर सगळं सरळ.

काय तपासू नये तेही सांगते कारण यावरून मला बऱ्याच जणांनी विचारलंय. हळदीतल्या मेटॅनिल यलोच्या भेसळीसाठी हा कॉलम आहे तसा वापरू नका. त्या रंगावर सल्फोनेट गट आहे, ऋण भार, वीज त्याला उलट्या दिशेला ओढते आणि कॉलमचे स्वतःचे सल्फोनिक गटही त्याला दूर लोटतात, आम्ही मुद्दाम घालून बघितला तर आमच्या रनच्या वेळेत तो बाहेरच आला नाही. एखाद्यानं रिपोर्टवर "भेसळ नाही" लिहून टाकलं असतं! लेड क्रोमेट या दुसऱ्या भेसळीच्या रंगाचा तर इथं संबंधच नाही, ते धातूच्या तपासणीचं काम. तासगावकडचे द्राक्षवाले औषधांच्या अंशाबद्दल विचारतात, त्यांनाही मी नाहीच म्हणते, प्रकाशाला आडवं जायला मिळतात १०० मायक्रॉन, एवढ्याशा अंतरात युरोपला लागतात तसले बारीक आकडे यूव्हीवर दिसत नाहीत, त्याला एलसी-एमएस-एमएस (रेणूंचं वस्तुमान मोजणारं मशीन) पाहिजे. कर्क्युमिनचं जमतं कारण तो हळदीत दोन ते पाच टक्के असतो आणि ४२५ ला जबरदस्त शोषतो.

लहान रेणूंसाठी पॉलिमर मोनोलिथ हा सिलिकाच्या बारीक कणांना मागं टाकत नाही हेही मान्य केलं पाहिजे. पृष्ठभाग कमी असतो, आतली बारीक भोकं कमी, त्यामुळं प्लेट्सची संख्या (कॉलम पीक किती अरुंद ठेवतो त्याचं माप) भरलेल्या चांगल्या कॉलमइतकी मिळत नाही, आणि नमुना जरा जास्त टोचला की पीक पुढं कलतात. प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंना हाच पोत मानवतो, तिथं ही जाळी फार छान काम करते, पण आम्ही ते केलेलं नाही. शिवाय सॉल्व्हंट एकदम बदलू नका, टेट्राहायड्रोफ्युरान किंवा अ‍ॅसिटोनमध्ये पॉलिमर फुगतो आणि परत आणला की आकसतो.

तिसरा कॉलम आल्यावर आम्ही स्वतः करायचं ठरवलं आणि खरं सांगायचं तर विकतच्या कॉलमची खरी किंमत मला तेव्हा कळली. चाळीस टक्के मोनोमर, साठ टक्के सॉल्व्हंट. मोनोमरमध्ये ब्युटाइल मेथाक्रिलेट, जोडणारा म्हणून एथिलिन डायमेथाक्रिलेट, आणि चिमूटभर एएमपीएस. सॉल्व्हंटमध्ये १-प्रोपेनॉल, १,४-ब्युटेनडायॉल आणि थोडं पाणी. एआयबीएन, म्हणजे पॉलिमर व्हायला सुरुवात करून देणारं रसायन, मोनोमरच्या एक टक्का. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवायचा, नळीत भरायचं, टोकं बंद, ६० अंशाला २० तास वॉटर बाथमध्ये. कागदावर इतकंच. पण प्रोपेनॉल आणि ब्युटेनडायॉलचं प्रमाण जरासं हललं की भोकांचा आकार बदलतो, तापमान वाढलं की गोळे बारीक होऊन वाटा अरुंद होतात, आणि आमचा वॉटर बाथ दोन अंश इकडं तिकडं करायचा. पहिल्या सहापैकी दोन कॉलममधून द्रव गेलाच नाही, एकात फट. बाथ बदलला, मिश्रण मापानं न घेता वजनानं घ्यायला लागलो, भिंत धुवायला पूर्ण एक दिवस द्यायला लागलो, तेव्हा कुठं चार-पाच सारखे यायला लागले. आता आमचे घरचे कॉलम विकतच्याच्या शेजारी लावले तर तिघं पिवळे वेगळे करतात, फक्त एका बॅचहून दुसऱ्या बॅचला वेळ थोडी सरकते, विकतच्या पहिल्या आणि तिसऱ्या कॉलममध्ये ती जवळपास जुळली होती.

म्हणून मी विचारणाऱ्याला सांगते, एक विकत घ्या. त्याच्यावर पद्धत बसवा, चांगला रन कसा दिसतो ते डोळ्यांत भरून घ्या, मग स्वतः ओता आणि त्याच्याशी ताडून बघा. विकतचा नसता तर आमचा पहिला खराब कॉलम खराब आहे हेच आम्हाला कळलं नसतं, आम्ही हळदीला दोष देत बसलो असतो.

पहिला कॉलम अजून चालू आहे. रोज संध्याकाळी मामा त्याची दोन्ही टोकं बाटलीत बुडली आहेत का ते बघूनच कुलूप लावतात, सुट्टीत मी फोन केला की आधी तेच सांगतात. कर्क्युमिनचा पीक पूर्वीपेक्षा अर्धा मिनिट आधी यायला लागलाय, बहुतेक काही ब्युटाइल गट झिजले असावेत, पण अजून तिघं वेगळे आहेत. पुढच्या महिन्यात नवी हळद शिजून वाळून येईल, त्याच कॉलमवर सेलम आणि राजापुरी शेजारी शेजारी लावणार आहोत. कुणाला बघायचं असेल तर या, फक्त सकाळी या, दुपारी लाइटीचा भरवसा नसतो.